वजनाचं ऑपरेशन, पण लिव्हरसाठी : एका रुग्णाचं प्रकरण

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात मी बावीस वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करते. हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे. रुग्णाच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे सुमनताई म्हणू.

सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' लिहून आलेले चार-पाच जण माझ्याकडे रोज येतात. त्यातल्या बहुतेकांना ऑपरेशनची काही गरज नसते. सुमनताईंना होती. ती गरज आमच्या लक्षात यायला उशीर का झाला, निर्णय कशावरून घेतला आणि मधे जीवावर बेतेल अशी चूक कुठे झाली, ते मांडायचं आहे.

## पार्श्वभूमी

सुमनताई तेव्हा ४६ वर्षांच्या होत्या. एसटी स्टँडच्या मागे त्यांची खाणावळ. सकाळी ऐंशी डबे जातात, दुपारी पन्नास-साठ ताटं उठतात. पहाटे साडेचारला गॅस पेटतो तो रात्री दहाला विझतो. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ९७ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४०.९. आठ वर्षांचा मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू असूनही तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, ८.४. रक्तदाबाची एक गोळी. गुडघे दुखायचे, आणि रात्री घोरण्याने शेजारच्या खोलीतला मुलगा जागा व्हायचा.

"मी जेवते कितीसं, मॅडम? एक भाकरी आन् आमटी," असं त्या म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं. पण एकदा मी त्यांना दिवसात किती वेळा चव घेता ते मोजायला सांगितलं. आमटी, रस्सा, उसळ, कोशिंबीर, जे होईल त्याची पळी तळहातावर टेकवायची आणि चाटून बघायचं. दुपारी बारापर्यंत अठ्ठावीस वेळा. वर साखरेचे सहा चहा. जेवायची सवड साडेतीननंतर, मग त्या एका भाकरीची दोन व्हायची.

आणखी एक गोष्ट फाइलमध्ये नव्हती, ती नंतर कळली. सुमनताईंचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी पोटात पाणी होऊन गेले. जाड होते, साखर होती, माळकरी होते. दारूचा थेंब कधी शिवला नाही. तरी गावाने 'चोरून पीत असणार' हेच धरलं, आणि ते बोलणं या लेकीच्या मनात घट्ट बसलं होतं. २०२३ मध्ये जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांनी या आजाराचं नाव बदललं. 'नॉन-अल्कोहोलिक' हा शब्द काढला आणि चयापचयाच्या बिघाडाशी त्याचं नातं जोडलं. मी ते त्यांना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या होत्या.

## अडचण काय होती

२०१८ साली पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत पहिल्यांदा 'ग्रेड दोन फॅटी लिव्हर' आलं. २०२० मध्ये परत तेच, २०२२ मध्येही तेच. तिन्ही वेळा मी एकच वाक्य लिहिलं: वजन कमी करा, तेलकट टाळा. एकदा लिव्हरच्या टॉनिकची बाटलीही लिहून दिली. ग्रेड वाढत नाही म्हणजे आजार आहे तिथेच आहे, असं त्यांनाही वाटलं आणि मलाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे. सोनोग्राफीतला 'ग्रेड' लिव्हरमध्ये चरबी किती साचली आहे ते सांगतो. त्या चरबीने लिव्हरला सूज येऊन आत व्रण, म्हणजे जखम भरल्यावर उरतात तसे घट्ट पट्टे, किती पडले आहेत, ज्याला आम्ही फायब्रोसिस म्हणतो, ते त्यावरून कळत नाही. फायब्रोसिसच्या पायऱ्या शून्य ते चार. चौथी म्हणजे सिरॉसिस. आणि पुढे लिव्हर निकामी होणार का, माणूस त्याने जाणार का, याचा अंदाज चरबीपेक्षा व्रणांवरूनच जास्त लागतो. व्रण वाढत जातात तशी चरबी उलट कमीही दिसू लागते. म्हणजे ग्रेड सुधारला म्हणून पेढे वाटावेत आणि आत लिव्हर सुकत चाललेलं असावं, असंही होतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये माझ्याकडे नव्याने रुजू झालेल्या तरुण डॉक्टरने सुमनताईंचे रिपोर्ट बघताबघता मोबाइलवर फिब-४, म्हणजे लिव्हरमधल्या व्रणांचा अंदाज देणारा आकडा, काढला. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांचा गुणाकार. एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारे दोन घटक. चार आकडे आणि साधं गणित, एका पैशाची जादा तपासणी लागत नाही. १.३ च्या खाली असेल तर सहसा काळजी नसते, २.६७ च्या वर गेला तर व्रण बरेच असण्याची शक्यता मोठी, मधल्यांना पुढची तपासणी हवी. एसजीओटी ६४, एसजीपीटी ७८, प्लेटलेट एक लाख ब्याऐंशी हजार. आकडा आला १.८३.

मी जुनी फाइल काढली. २०१८ चे आकडे घातले: १.२३. २०२० चे घातले: १.५२. रेषा दोन वर्षांपूर्वीच ओलांडली होती, माझ्याच टेबलावर, माझ्याच अक्षरात लिहिलेल्या आकड्यांत.

पुढची पायरी फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती ताठर झालं आहे ते बाहेरून मोजणारी तपासणी. जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्र होतं, पण जाड शरीरासाठी लागणारा मोठा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा भाग, नव्हता. साध्या प्रोबने अशा शरीरावर आकडा मिळत नाही किंवा चुकीचा जास्त येतो. म्हणून पुण्याला पाठवलं. लिव्हरचा ताठरपणा १३.६ किलोपास्कल, चरबीचा निर्देशांक ३४२. आठच्या खाली निर्धास्त राहायचं, बाराच्या वर गेलं की व्रण पुढच्या पायरीवर आहेत असं धरून चालायचं. कावीळ ब आणि क दोन्ही नव्हत्या. कोविडच्या काळापासून त्या रोज गुळवेलीचा काढा घेत होत्या. तो आधी बंद केला, कारण गुळवेलीने लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईहूनच प्रसिद्ध झाली होती.

## कोणते पर्याय होते

पहिला, अर्थातच, खाणं आणि चालणं. तो कमी लेखू नये. २०१५ मध्ये क्यूबातल्या डॉक्टरांनी बायोप्सी करून, म्हणजे लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासून, दाखवलं होतं की वजन दहा टक्के किंवा अधिक उतरलं तर दहापैकी नऊ जणांत लिव्हरची सूज जाते आणि सुमारे ४५ टक्के लोकांत व्रणही मागे हटतात. पण वर्षभराच्या त्याच अभ्यासात दहा टक्क्यांपर्यंत पोचला तो दहातला एकच जण. सुमनताईंनी आधी दोनदा प्रयत्न केला होता. एकदा सहा किलो, एकदा चार. दोन्ही वेळा दिवाळीच्या ऑर्डरी आल्या आणि वजन परत चढलं. हा आळस नव्हे. सोळा तास चुलीपुढे उभं राहणाऱ्या बाईला आळशी म्हणायचं धाडस मी करणार नाही.

दुसरा, औषधं. पायोग्लिटाझोन सूज कमी करतं, पण वजन वाढवतं. साखर आणि भूक दोन्ही कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइडची गोळी तेव्हा भारतात मिळत होती, वजनासाठीची मोठ्या मात्रेची इंजेक्शनं मात्र आलेली नव्हती. गोळी तीन महिने देऊन बघावी, असं माझं मत होतं. पुण्याच्या लिव्हरतज्ज्ञांचं म्हणणं वेगळं पडलं. १३.६ चा ताठरपणा, मधुमेह, आणि वडिलांचा इतिहास. त्यांच्या मते वाट बघण्याइतका वेळ हातात नव्हता.

तिसरा, वजनाची शस्त्रक्रिया. ती लिव्हरला का मानवते, हे मी सुमनताईंना त्यांच्या भाषेत असं सांगितलं. लिव्हरमध्ये जी चरबी असते तिच्यातली ताटातल्या तेलातून थेट आलेली थोडी, साधारण पंधरा टक्के. पाव भाग लिव्हर स्वतः साखरेपासून बनवतं. उरलेली, म्हणजे निम्म्याहून जास्त, पोटाच्या घेरातून रक्तात सुटून लिव्हरकडे वाहत येते, कारण इन्सुलिनला तिला आवरून धरता येत नाही. "म्हंजी मी तेल बंद केलं तरी नळ चालूच," असं त्या म्हणाल्या. तसंच आहे. शस्त्रक्रियेनंतर पोटात अन्न कमी जातंच, शिवाय आतड्यातून सुटणारी संप्रेरकं बदलतात, इन्सुलिनचा जोर काही दिवसांतच सुधारतो, आणि नळ बारीक होतो.

पुरावाही होता. फ्रान्समधल्या लील शहरात शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी परत बायोप्सी केल्या, तेव्हा ८४ टक्के रुग्णांत सूज गेलेली होती आणि ७० टक्के रुग्णांत व्रण कमी झालेले होते. क्लीव्हलँड क्लिनिकच्या २०२१ च्या अभ्यासात दहा वर्षांत लिव्हरचा गंभीर त्रास ऑपरेशन केलेल्यांपैकी २.३ टक्के जणांना झाला, न केलेल्यांपैकी ९.६ टक्के जणांना. पण त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्या ६५० जणांपैकी चार जण पहिल्या वर्षात ऑपरेशनच्या गुंतागुंतीने दगावले होते. हा आकडा मी घरच्यांपासून लपवला नाही.

सासूबाई सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, हिंडत्याफिरत्या बाईचं पोट कापून टाकायचं म्हंजी काय?" प्रश्न रास्त होता. मी म्हणाले, "आजी, वजनासाठी कापायचं असतं तर मी पण नाहीच म्हटलं असतं."

## निर्णयाच्या तीन जागा

स्लीव्ह की बायपास, ही पहिली जागा. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग काढून उरलेल्याची नळी करतात. बायपासमध्ये आतड्याची वाटच बदलतात. मधुमेहासाठी बायपास थोडं सरस मानलं जातं. आम्ही स्लीव्ह धरलं ते दोन कारणांनी. बायपासनंतर जीवनसत्त्वं आणि लोह यांची कमतरता जास्त भासते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याला जाऊन तपासण्या करणं खाणावळ चालवणाऱ्या बाईला जमणारं नव्हतं. शिवाय लिव्हर पुढे बिघडलंच तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा दुर्बिणीने बघाव्या लागतात, पित्तनळीपर्यंत पोचावं लागतं. स्लीव्हमध्ये ती वाट मोकळी राहते. छातीत जळजळ नव्हती, दुर्बिणीत हर्निया नव्हता, फुगलेल्या शिराही नव्हत्या. पुढे २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये इटलीचा अभ्यास आला. त्यात वर्षभरात सूज जाण्याचं प्रमाण बायपासमध्ये ५६ टक्के, स्लीव्हमध्ये ५७, आणि नुसत्या आहार-व्यायामात १६. आमचा निर्णय त्याआधीचा, पण वाचून बरं वाटलं.

दुसरी जागा बायोप्सीची. ऑपरेशनच्या आधी वेगळी सुई घालायची, की ऑपरेशनच्या वेळीच तुकडा घ्यायचा? सर्जननी दुसरा मार्ग सुचवला. पण मग आत गेल्यावर लिव्हर गाठीगाठींचं दिसलं, शिरा फुगलेल्या दिसल्या तर? आतड्याकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब वाढलेल्या सिरॉसिसमध्ये हे ऑपरेशन करू नये. म्हणून संमतीपत्रावर मराठीत एक ओळ वाढवली : 'आत लिव्हर फार खराब दिसल्यास फक्त तुकडा घेऊन ऑपरेशन थांबवण्यात येईल.' सुमनताईंनी ती दोनदा वाचली आणि मग सही केली. ही ओळ मला आजही या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची वाटते.

तिसरी जागा विम्याची, आणि तिथे मी खरंच गोंधळले. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमानुसार लठ्ठपणाचं ऑपरेशन विम्यात बसण्यासाठी बीएमआय ४० हवा, किंवा ३५ च्या वर असून हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा आजार), आटोक्यात न येणारा मधुमेह असं काही हवं. त्या यादीत लिव्हरचं नाव नाही! ज्या कारणासाठी आम्ही ऑपरेशन करत होतो तेच कारण कागदावर मोजलं जात नव्हतं. इकडे ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे कमी उष्मांकाचा आहार घ्यायचा असतो. त्याने लिव्हरचा डावा भाग आकसतो आणि सर्जनला जठरापर्यंत नीट पोचता येतं. सुमनताईंचे पती मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, आत्ता वजन उतरलं तर बीएमआय चाळिसाच्या खाली जाईल. क्लेम गेला तर आम्ही आणायचं कुठनं? ते डाएट राहू द्या." त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. पण मोठं, तेलकट लिव्हर आत आडवं आलं असतं. आम्ही पहिल्या भेटीचं वजन तारीख घालून नोंदवलं, एचबीए१सीचे दोन वर्षांचे रिपोर्ट जोडले, मधुमेहाच्या कलमाखाली अर्ज केला, आणि डाएट केलं. क्लेमचा मोठा भाग मंजूर झाला. नसता झाला तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

## काय केलं

डाएट सुरू झालं त्याच दिवशी ग्लिमेपिराइड बंद केलं. खाणं निम्म्यावर आणायचं आणि ही गोळी चालू ठेवायची म्हणजे साखर धाडकन खाली जाण्याला आमंत्रण. ताक, मुगाचं कढण, अंड्याचा पांढरा भाग, प्रोटीन पावडर. तीन आठवडे खाणावळीत चव घेण्याचं काम जावेकडे गेलं. वजन ९२ झालं.

मार्च २०२३ मध्ये दुर्बिणीतून स्लीव्ह झालं. लिव्हर पिवळट, कडा बोथट, पण गाठी नव्हत्या. तुकड्याचा रिपोर्ट आठ दिवसांनी आला : सूज आहे, फायब्रोसिस तिसऱ्या पायरीवर. व्रणांचे पट्टे एकमेकांना भिडू लागले होते. सिरॉसिस एक पायरी पुढे होतं.

चौथ्या दिवशी त्या घरी आल्या. दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. दिवसाला साठ ग्रॅमच्या वर प्रथिनं, जीवनसत्त्वांच्या गोळ्या. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात म्हणून सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड.

## सातव्या आठवड्यात

सहाव्या आठवड्यात भाचीचं लग्न होतं. सुमनताईंनी तिथे जिलेबीला हात लावला नाही, पण घाईत भाकरीचे चार घास नीट न चावता गिळले. ते अडकले. तिथून उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. दहा दिवस पाणीसुद्धा टिकेना. 'ऑपरेशननंतर असं व्हतं' असं कोणीतरी सांगितलं आणि त्यांनी मला फोन केला नाही. गोळ्याही उलटून पडत होत्या.

अकराव्या दिवशी संध्याकाळी त्या दवाखान्यात आल्या तेव्हा मी बाहेरगावी होते. सिस्टरने अशक्त पेशंटला नेहमी लावतो तीच ग्लुकोजची सलाईन लावली. रात्री नऊला मी परत आले. सुमनताई म्हणाल्या, "मॅडम, तुमी दोन दिसताय." डोळे एका बाजूला नेले की थरथरत होते. उभं केलं तर पाय फाकवून, भिंत धरून.

थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. तो संपलेला असताना नुसतं ग्लुकोज दिलं, तर ते जाळायला उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होते. वर्निकेचा आजार आम्ही सगळ्यांनी वाचलेला असतो, दारुड्या माणसाच्या संदर्भात. वजनाच्या ऑपरेशननंतर उलट्या होणाऱ्या बाईतही तो होतो, हे माझ्या डोक्यात होतं, पण सिस्टरच्या टेबलावर नव्हतं. तिची चूक नव्हती. मी कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं.

ग्लुकोज तिथल्या तिथे काढलं. शिरेतून ५०० मिलिग्रॅम थायमिन, दिवसातून तीनदा. सोबत मॅग्नेशियम, साधी सलाईन. दुसऱ्या दिवशी दुपारी एकाचे दोन दिसायचं थांबलं. चाल सुधारायला तीन आठवडे लागले. तळपायांच्या मुंग्या पाच महिने टिकल्या. पुण्याला दुर्बिणीने बघितलं, नळी कुठे अरुंद झालेली नव्हती.

याच काळात एसजीपीटी ७८ वरून ११२ वर गेला, लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिन, ३.१ पर्यंत उतरलं. पतींचा चेहरा उतरला. लिव्हरसाठी ऑपरेशन केलं आणि लिव्हरच बिघडलं, हे त्यांचं म्हणणं ऐकताना माझ्यापाशीही खात्रीचं उत्तर नव्हतं. वजन फार वेगाने उतरलं की चरबीचा लोंढा लिव्हरवर येतो, आणि प्रथिनं कमी पडली तर लिव्हरला तो बाहेर टाकता येत नाही. जुन्या काळी आतड्याचा मोठा भाग वगळणारं एक ऑपरेशन होतं, त्याने लिव्हर निकामी झालेले रुग्ण निघाले म्हणून ते कायमचं बंद पडलं. तो इतिहास मला माहीत होता, आणि त्या आठवड्यात झोप लागली नाही ती त्यामुळेच. आम्ही एकच धरून ठेवलं, प्रथिनं. दर दोन तासांनी दोन घोट, वाटीत मोजून, जावेने वहीत लिहून. सहा आठवड्यांनी एसजीपीटी ५४ वर आला.

## परिणाम

वर्षाने वजन ६८ किलो, म्हणजे तीस टक्के कमी. एचबीए१सी ५.९, तेही मेटफॉर्मिनच्या अर्ध्या मात्रेवर. रक्तदाबाची गोळी बंद. एसजीपीटी २४. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर पहिल्यांदा लिव्हर नॉर्मल असं छापून आलं. पतींनी तो कागद लॅमिनेट करून आणला.

मला त्यांचा आनंद मोडवत नव्हता, पण बोलावं लागलं. फायब्रोस्कॅनमध्ये चरबीचा निर्देशांक ३४२ वरून २३१ वर आला होता; ती बाजू जवळपास साफ. ताठरपणा १३.६ वरून ९.१. सूज आणि चरबी गेली की ताठरपणा आपोआप थोडा उतरतो, त्यामुळे त्यातला किती भाग व्रण भरल्याचा, हे हा आकडा सांगत नाही. ते बायोप्सीच सांगेल, आणि दुसरी बायोप्सी सुमनताईंना नको होती. आम्ही आग्रह धरला नाही, कारण रिपोर्ट काहीही आला तरी पुढचं करायचं तेच होतं. "चरबी गेली, ताई. व्रण अजून असतील. ते भरायला वर्षं लागतात," एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या वर्षी वजन ७१.५ झालं. चौकशी केली तर खाणावळीत चव घेणं परत सुरू झालेलं, आणि संध्याकाळच्या चहासोबत मूठभर फरसाण. जठर लहान असलं तरी मूठमूठ करून दिवसभरात बरंच जातं. जावेला परत चुलीपाशी उभं केलं. अडीच वर्षांनी वजन ७२ वर थांबलं आहे, ताठरपणा ८.३. दर सहा महिन्यांनी रक्त, वर्षाला फायब्रोस्कॅन आणि सोनोग्राफी, बी-१२ चं इंजेक्शन तीन महिन्यांनी.

## आज परत करायचं झालं तर

फिब-४ मी २०२० मध्येच काढला असता. तेव्हा ताठरपणा कदाचित आठ-नऊ असता आणि ऑपरेशनचा विचार सावकाश करता आला असता. आता मधुमेहाच्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर त्याची चौकट छापून घेतली आहे.

दुसरं, ऑपरेशनच्या आधीपासून थायमिन, आणि घरी जाताना पेशंटच्या हातात एक पिवळं कार्ड. त्यावर मोठ्या अक्षरांत : 'माझं पोटाचं ऑपरेशन झालं आहे. दोन दिवसांहून जास्त उलट्या असतील तर ग्लुकोज लावण्याआधी थायमिन द्या.' आमच्या भागात ताकदीची सलाईन कुठेही, कोणीही लावतं. कार्ड पेशंटच्या पाकिटात असलेलं बरं. सिस्टरच्या टेबलावरही तेच चिकटवलं आहे.

तिसरं, सर्जनशी माझं बोलणं रुग्णाच्या मार्फत होत होतं, ते चुकलं. पहिले तीन महिने पंधरवड्याला एक फोन, ठरवून, असं आता करते.

औषधांचं चित्र मात्र बदललं आहे. २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड आणि मोठ्या मात्रेचं सेमाग्लुटाइड भारतात आलं. व्रण असलेल्या रुग्णांत ७२ आठवडे सेमाग्लुटाइड दिल्यावर ६३ टक्के जणांची सूज गेली, औषध नसलेल्या नुसत्या सुईवर ३४ टक्के. व्रण सुधारले ते ३७ आणि २२ टक्के जणांत. सुमनताई आज आल्या असत्या तर इंजेक्शनचा पर्याय मी पहिल्यांदा समोर ठेवला असता. पण ते बंद केलं की वजन परत येतं, म्हणजे दर महिन्याचा खर्च वर्षानुवर्षं. बीएमआय ४१, मधुमेह आणि तिसरी पायरी असताना माझा कौल बहुधा ऑपरेशनकडेच गेला असता. बीएमआय ३२ आणि पहिली पायरी असती तर नक्कीच नाही.

मागच्या महिन्यात सुमनताई मुलाला घेऊन आल्या. वय बावीस, वजन ९४, कंपनीच्या तपासणीत एसजीपीटी ६६. त्याला काही होत नव्हतं आणि त्याला यायचंही नव्हतं. मी फिब-४ काढायला घेतला आणि थांबले. पस्तिशीच्या आतल्या माणसात तो आकडा भरवशाचा नाही. सरळ फायब्रोस्कॅनची चिठ्ठी लिहिली. "मोठ्या प्रोबवर करायला सांगा," सुमनताई माझ्या आधीच त्याला म्हणाल्या, आणि पर्समधून स्वतःची जुनी फाइल काढून आपल्या वडिलांचं वय आणि आजार त्याच्या केसपेपरवर लिहून घ्यायला लावला.